त्रिनिदादला कामाला जाताय? तिथल्या रीतीभातीबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याजवळच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीतले तरुण इंजिनिअर पहिल्यांदाच तीन आठवड्यांसाठी वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदादला निघाले आहेत. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये बैठका आहेत आणि पॉइंट लिसासच्या कारखान्यांत पाहणी. कपडे काय न्यावेत, भेटवस्तू द्यावी का, शाकाहारी माणसाच्या जेवणाचं काय, आणि "तिथे एवढे भारतीय आहेत, मग हिंदीवर भागेल ना?" असं ते विचारतात. मी बरीच वर्षं तिथे औद्योगिक यंत्रसामग्रीच्या व्यवसायात काढली आहेत आणि भारतातून येणाऱ्या अशा अनेक मंडळींना बैठकांना घेऊन गेलो आहे. म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच आहेत. हिंदीवर भागणार नाही, आणि भागवायचा प्रयत्नही करू नका. 30 मे 1845 रोजी 'फातेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून सुमारे सव्वादोनशे मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागलं. तिथून 1917 पर्यंत 1 लाख 40 हजारांहून अधिक माणसं गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यांत राबायला गेली. त्यातली बहुतेक आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधली होती, थोडी मद्रासकडची. त्याला आता पाच-सहा पिढ्या झाल्या. त्यांच्या नातवंडा-पतवंडांची भाषा इंग्रजी आहे, तीही खास तिथल्या वळणाची. भोजपुरी उरली ती लग्नातल्या गाण्यांत, स्वयंपाकघरात आणि नात्यांच्या नावांत. वडिलांच्या आईला तिथेही आजी म्हणतात. ते ऐकून मराठी माणूस हरखून जातो आणि बऱ्याचदा तिथेच घसरतो. "म्हणजे तुम्ही आपलेच!" असं म्हणून तो खांद्यावर हात टाकतो. पाठोपाठ विचारतो, मूळ गाव कुठलं, जात कोणती, हिंदी का नाही येत, नावाचा उच्चार असा का करता.

यातला एकही प्रश्न विचारू नका. गावाचं नाव अनेकांना ठाऊकच नाही, आणि ते ठाऊक नसण्यामागे त्या घराण्याचा मोठा सल असतो. समोरच्याने स्वतःहून विषय काढला तर मनापासून ऐका. कित्येक जण फार हौसेने सांगतात, जुने कागद दाखवतात. पण सुरुवात त्यांच्याकडून होऊ द्या. त्यांचा देश त्रिनिदाद आणि टोबॅगो आहे, तो 31 ऑगस्ट 1962 ला स्वतंत्र झाला, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. आपण तिथे पाहुणे असतो. थोरल्या घरातून आलेले वडीलधारे नसतो.

चेहऱ्यावरून नमस्कार ठरवू नका, ही पुढची गोष्ट. भारतीय वंशाचा माणूस हिंदू असेल, मुसलमान असेल किंवा प्रेस्बिटेरियन ख्रिश्चन असेल. जॉन मॉर्टन हे कॅनडाचे मिशनरी 1868 मध्ये तिथे आले, त्यांच्या मिशनने उसाच्या भागात शाळा काढल्या, आणि आज अगदी हिंदू वाटणारं आडनाव असलेला माणूस रविवारी चर्चमध्ये दिसतो. सरसकट 'नमस्ते' म्हणण्यापेक्षा 'गुड मॉर्निंग' कधीही बरं. एखाद्या हिंदू घरी गेलात आणि तिथल्या आजोबांनी 'सीताराम' म्हटलं, तर तुम्हीही 'सीताराम' म्हणा. त्यांना फार बरं वाटतं.

2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत भारतीय वंशाचे सुमारे 35 टक्के, आफ्रिकी वंशाचे 34 टक्के आणि मिश्र वंशाचे जवळपास 23 टक्के आहेत. म्हणजे तुमच्या बैठकीत सगळ्या रंगाची माणसं असणार. एका बैठकीतलं आठवतं. टेबलापलीकडे चौघं होते. भारतातून आलेले दोघे विक्री अधिकारी पहिल्या मिनिटापासून भारतीय वंशाच्या एका गृहस्थांकडेच बघून बोलत होते, आणि ते तर भांडार विभागातले कनिष्ठ कर्मचारी होते. टोकाला बसलेल्या, आफ्रिकी वंशाच्या बाई देखभाल विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांनी पंपाच्या सीलबद्दल नेमका प्रश्न विचारला. उत्तर दिलं गेलं ते पुन्हा त्या गृहस्थांकडे वळून. बाईंनी वही मिटली, अत्यंत सभ्यपणे आभार मानले, आणि तो विषय तिथेच संपला. किंमत चांगली होती, मालही चांगला होता. तिथे वरिष्ठ पदांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, कारखान्यांतसुद्धा. खोलीत शिरताच प्रत्येकाशी हस्तांदोलन करा, प्रत्येकाचं नाव घ्या, आणि ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडे बघून उत्तर द्या.

याच ओघात शब्दांबद्दलही सांगतो, कारण यात आपली मंडळी नकळत समोरच्याला फार दुखावतात. 'कूली' हा शब्द तिथे भारतीय वंशाच्या माणसाला दिलेली शिवी आहे. सामान उचलणाऱ्यासाठीसुद्धा तो वापरू नका. मराठीत बोलताना आपण सहज 'निग्रो' म्हणून जातो. तो शब्द समोरच्याला बरोबर कळतो. कातडीच्या रंगावर कौतुकानेही बोलू नका. स्थानिक लोक एकमेकांना रंगावरून टोपणनावं ठेवतात, पण तो त्यांच्या आपापसातला मामला. आणि बैठकीत दोघा सहकाऱ्यांनी मधेच मराठीत कुजबुजणं तर अगदीच वाईट दिसतं. वेगळं बोलायचं असेल तर पाच मिनिटं मागून बाहेर जा.

आता 'गुड मॉर्निंग'बद्दल. आपल्याकडे दुकानात शिरलं की थेट "अर्धा किलो साखर द्या". बँकेत खिडकीशी गेलं की थेट काम. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. त्रिनिदादमध्ये हे उद्धट समजलं जातं. डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेर बसलेल्यांकडे कधी लक्ष देऊन बघा. दार उघडतं, एक वयस्कर बाई आत येतात, क्षणभर थांबतात आणि कुणा एकाकडे न बघता सगळ्या खोलीला म्हणतात, "मॉर्निंग, मॉर्निंग." मोबाइलमध्ये डोकं घातलेली पोरंसुद्धा मान वर करून उत्तर देतात. मग बाई जागा शोधतात. शेअर टॅक्सीत बसताना तसंच, लिफ्टमध्ये तसंच, सरकारी कचेरीच्या रांगेत लागताना तसंच. कारखान्याच्या गेटवरच्या सुरक्षारक्षकाला तर हमखास. अंधार पडल्यावर भेटलात तर 'गुड नाइट' म्हणतात, निरोपाला नव्हे तर भेटल्याबरोबर. तेव्हा संध्याकाळच्या कार्यक्रमात शिरताना कुणी 'गुड नाइट' म्हणालं तर "अजून तर आलोय" असा चेहरा करू नका, हसून तसंच उत्तर द्या.

हे मी एवढं लांबवतोय याला कारण आहे. हा देश लहान आहे, वस्ती सुमारे 14 लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. प्रत्येक जण प्रत्येकाला कुठून ना कुठून ओळखतो: शाळेतून, देवळातून, चर्चमधून, क्रिकेट क्लबातून. रिसेप्शनवरच्या मुलीशी तुम्ही कसे वागलात, हे मॅनेजरपर्यंत दुपारच्या आत पोचतं, आणि पुढच्या कंपनीपर्यंत आठवड्यात. अभिवादन न करता काम सांगणाऱ्याचं काम मागे पडतं. हे सूडबुद्धीने होत नाही. ज्याने मला माणूस म्हणून ओळख दिली नाही त्याच्यासाठी मी धावपळ का करू, असा साधा हिशेब असतो.

हाक मारताना सुरुवातीला मिस्टर किंवा मिस आणि आडनाव. ते स्वतःच लवकर पहिल्या नावावर येतात, तोवर थांबा. दुकानात, टपरीवर 'मिस' आणि 'बॉस' चालतं. वयाने मोठ्यांना अंकल, आंटी. घरच्या चौकशा जपून करा. लग्न न करता वर्षानुवर्षं एकत्र राहणं तिथे सामान्य आहे, त्यामुळे "हे तुमचे मिस्टर का?" हा आपला सहज प्रश्न नको. पगाराचा तर मुळीच नको.

कपडे. तिथे बारा महिने उकाडा असतो, म्हणून लोक समुद्रकिनाऱ्याचे कपडे घेऊन येतात आणि फसतात. ऑफिसमधला पेहराव चांगला औपचारिक असतो: इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट, बूट, मोठ्या बैठकीला टाय किंवा जॅकेट. आत एसी इतका जोरात असतो की जॅकेट नकोसं होत नाही. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचं वरचं कापड, स्लिपर घालून सरकारी कचेरीत गेलात तर दारातूनच परत पाठवू शकतात. पोहण्याचे कपडे फक्त किनाऱ्यावर. तिथून गावात येताना वर काहीतरी चढवायचं. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: लष्करी छाप्याचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे सामान्य माणसाने घालणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. पँट, टोपी, पाठीवरची बॅग, लहान मुलांचे कपडेसुद्धा. आपल्याकडे ट्रेकिंगवाल्यांकडे हे सर्रास असतं, तेव्हा बॅग भरताना तपासा. सार्वजनिक ठिकाणी अर्वाच्य शिवीगाळ हाही गुन्हा आहे.

पॉइंट लिसासला अमोनिया आणि मिथेनॉलचे कारखाने आहेत, तिथली सुरक्षेची शिस्त कडक असते. आत जाण्याआधी सुरक्षेची माहिती देतात. ती कितीही वेळा ऐकलेली असली तरी घड्याळाकडे बघू नका आणि "आमच्याकडे हे सगळं माहीत असतं" म्हणू नका. सेफ्टी शूज स्वतःचे न्या.

वेळेबद्दल दोन्ही टोकांच्या गोष्टी ऐकाल. मित्रांच्या मैफलीला दोन तास उशीर चालतो, बैठकीला नाही. निदान पाहुण्याने वेळेवर असावं. मध्य त्रिनिदादमधल्या चाग्वानासहून सकाळी पोर्ट ऑफ स्पेनला जायचं तर मुंबईची आठवण येईल अशी कोंडी असते, त्या हिशेबाने निघा. समोरचा उशिरा आला तर कुरकुर नको. 'जस्ट नाऊ' ऐकलंत तर आत्ता लगेच असं समजू नका. थोड्या वेळाने, कधी बऱ्याच वेळाने. शुक्रवारी दुपारनंतर महत्त्वाचं काही ठेवू नका. नाताळच्या आठवड्यांत आणि कार्निव्हल या तिथल्या मोठ्या उत्सवाच्या आधीच्या दिवसांत करार पुढे सरकत नाहीत. कार्निव्हलचे सोमवार-मंगळवार कागदोपत्री सुट्टीचे नाहीत, तरी सगळा देश बंद असतो. त्यानंतरच्या बुधवारी, म्हणजे ॲश वेन्सडेलाही, बैठक मागू नका.

बैठक लगेच कामाने सुरू होत नाही. पाच-दहा मिनिटं प्रवास, पाऊस, खाणं, क्रिकेट. इथे मराठी माणसाच्या हाताशी एक खरा दुवा आहे. 1971 साली अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी त्यात 112 धावा केल्या, आणि सुनील गावसकरांचं पदार्पण त्याच सामन्यातलं. त्या मालिकेत गावसकरांनी 774 धावा काढल्या आणि त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सोच, म्हणजे तिथल्या ढंगाचं गाणंच, रचलं. पन्नाशीपुढच्या कुणाशीही बोलताना हा विषय काढा, तो माणूस खुलतो. पण आजच्या वेस्ट इंडिज संघाच्या पडझडीवर आपण टिप्पणी करायची नाही. त्यांनी केली तर लारा आठवायचा.

टाळायचे विषय: वंशाच्या अंगाने जाणारं राजकारण. तिथल्या दोन मोठ्या पक्षांकडे लोक बऱ्याच अंशी वंशावरून झुकतात, आणि भारतीय वंशाचा माणूस तुम्हाला 'आपला' समजून दुसऱ्यांबद्दल काही बोलेल. मान डोलावू नका, विषय हळूच बदला. आपली ती आडवी मान तिथे कुणाला होकार वाटते, कुणाला नकार. त्यापेक्षा तोंडाने 'येस' म्हणा. गुन्हेगारीबद्दल पहिल्याच भेटीत विचारू नका. आणि तेलक्षेत्रातल्या माणसांशी पेट्रोट्रिनबद्दल जपून. सरकारी मालकीच्या त्या कंपनीची रिफायनरी 2018 च्या अखेरीस बंद झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. तुमच्यासमोर बसलेला कदाचित त्यातलाच असेल.

स्पष्ट 'नाही' क्वचित ऐकू येईल. "बघतो, कळवतो" हे दोनदा आलं की समजून घ्या. पैशांबाबत मात्र पहिल्याच भेटीत सरळ बोला. अमेरिकन डॉलरची तिथे वर्षानुवर्षं टंचाई आहे. चांगल्या चाललेल्या, सचोटीच्या कंपनीलाही बँकेकडून डॉलर मिळायला थांबावं लागतं. पैसे उशिरा आले म्हणजे फसवणूक, असा सूर ईमेलमध्ये लावलात तर संबंध कायमचा तुटतो. हप्ते कसे, डॉलर कुठून उभे करणार, हे आधीच विचारणं कुणाला अपमानास्पद वाटत नाही. उलट तुम्हाला देशाची परिस्थिती माहीत आहे, असं वाटतं.

भेटवस्तू छोटी आणि सगळ्यांसाठी असावी. पैठणीच्या कापडाचं पाऊच, चांगला चहा, एवढं पुरे. सरकारी कंपनीतल्या माणसाला महागडी वस्तू अजिबात नको. सार्वजनिक खरेदीचा नवा कायदा 2023 पासून पूर्णपणे लागू झाला आहे. तुमच्या कौतुकाच्या चांदीच्या गणपतीमुळे तो माणूस अडचणीत येईल.

जेवणाची काळजी करू नका. शाकाहारी माणसासाठी कॅरिबियनमधलं हे फार सोयीचं ठिकाण आहे. सकाळी रस्त्याकडेला डबल्सची गाडी शोधा: दोन मऊ 'बारा', म्हणजे हळद घातलेल्या तळलेल्या चपट्या पुऱ्या, आणि त्यावर चण्याची पातळसर भाजी, काकडी, चिंचेची चटणी आणि कुचेला, म्हणजे किसलेल्या कैरीचं लोणचं. रांगेत उभं राहायचं, 'मॉर्निंग' म्हणायचं, नंबर आला की किती आणि तिखट किती एवढंच सांगायचं. 'स्लाइट' म्हणजे किंचित. आपण कोल्हापूरचे म्हणून पहिल्याच दिवशी जास्त तिखट मागू नका, तिथली स्कॉर्पियन मिरची वेगळी असते. कागदावर घेऊन उभ्यानेच खायचं, आणि पैसे बहुधा शेवटी, किती खाल्ले ते तुम्हीच सांगून द्यायचे. म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा. रोटीच्या दुकानात दालपुरीबरोबर चणा-आलू, भोपळा किंवा भाजी मागा. क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वळणाच्या स्थानिक जेवणात मात्र विचारून घ्या: कलालू या हिरव्यागार पालेभाजीत खेकडा असू शकतो, आणि डाळीत डुकराचं खारवलेलं शेपूट. 'व्हेजिटेरियन' एवढं पुरत नाही. मांस नको, मासा नको, असं मोजून सांगा.

घरी बोलावलं तर नाही म्हणू नका. कामापेक्षा जास्त तिथेच जमतं. जाताना काहीतरी न्या: केक, फळं, पेय. ताटातलं थोडं तरी खा. "पोट भरलंय" म्हणून पान नाकारणं मनाला लागतं. अंगणात बांबूवर रंगीत झेंडे दिसले तर ते हिंदू घर, पूजेनंतर लावलेल्या झंडी आहेत त्या. चपला बाहेर काढा. पूजा असेल तर मद्य आणि मांस नसतं, जेवण सोहारीच्या पानावर वाढतात आणि हाताने खातात. तिथे तुम्हाला काही शिकावं लागणार नाही. फक्त "आमच्याकडे आरती अशी नसते" हे बोलू नका. दीडशे-पावणेदोनशे वर्षं, मळ्यांवरच्या बराकींत राहून, पुरोहित आणि पोथ्या जेमतेम असताना त्या लोकांनी हे जपलं आहे.

कामानंतरच्या निवांत गप्पांच्या बैठकीला तिथे 'लाइम' म्हणतात. बोलावलं तर जा. दारू घेत नसाल तर सरळ सांगा आणि नारळपाणी घ्या, कुणी आग्रह ताणत नाही. तिथे तुमची थट्टा होईल, उच्चारावरून, खाण्यावरून. तिला 'पिकाँग' म्हणतात. ती झाली म्हणजे तुम्हाला आपल्यात घेतलं असं समजा आणि हसा. उलट थट्टा स्वतःच्या कंपनीची, भारतीय क्रिकेटची करा. त्यांच्या वंशाची, धर्माची नको. जिभेने दातांमागून हवा ओढून काढलेला लांब आवाज म्हणजे तिरस्कार. आपला हळहळीचा 'च्‌च्' सुद्धा म्हणून टाळलेला बरा.

मुक्काम कार्निव्हलमध्ये येत असेल तर एवढंच सांगतो की पोशाख हे आमंत्रण नसतं. फोटो काढायचा तर विचारा, परवानगीशिवाय कुणाजवळ नाचायला जाऊ नका. तो उत्सव गुलामगिरीतून आलेल्या माणसांनी उभा केला आहे आणि तिथले लोक त्याकडे फार गंभीरपणे पाहतात. तसंच गुलामगिरी संपल्याच्या, 1 ऑगस्टच्या मुक्तिदिनाचं. ही राष्ट्रीय सुट्टी जगात सर्वांत आधी, 1985 मध्ये, याच देशाने जाहीर केली. 30 मेच्या भारतीय आगमन दिनाच्या शुभेच्छा लक्षात ठेवून देता, तशाच त्याही द्या.

टोबॅगोला गेलात तर तिथल्या माणसाला त्रिनिदादचा म्हणू नका. त्यांची स्वतंत्र विधानसभा आहे आणि वेगळी ओळख आहे. तिथला वेग आणखी सावकाश, अभिवादनाची रीत आणखी पक्की.

परतल्यावर ईमेलवर विसंबू नका. व्हॉट्सॲपवर दोन ओळी आणि मग फोन, हा तिथला रस्ता. त्रिनिदादचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. तिथे सकाळी आठ वाजता ऑफिस उघडतं तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. पहिला फोन साडेसहाच्या सुमारास करा, म्हणजे तिथली मंडळी कोंडीतून सुटून जागेवर बसलेली असतील, आणि तुमच्या कारखान्यातही उत्तर द्यायला कुणीतरी असेल.